बेस्ट लूजरची जागा

२८ नोव्हेंबर १९९५, मंगळवार. सकाळी अकराला फोरमनने मला लेथवरून बोलावलं आणि ऑफिसमधला फोन हातात दिला. पलीकडे नंदाच्या वॉर्डची सिस्टर होती. नंदा, माझी बायको, तिथेच नर्स होती. बेड लावता लावता ती कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला आणि अर्ध्या तासात गेली. मी सिस्टरला म्हणालो, "पण आमची पंधरा तारखेची तिकिटं आहेत."

तिकिटं मॉरिशसची होती. नंदा तिथली. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेले होते. मराठी बोलायची, पण मला नावानं हाक मारायची आणि 'तू' म्हणायची. बर्मिंगहॅमच्या आमच्या मंडळात ते खटकायचं. "अगं, नवऱ्याला अहो म्हणावं," अनुराधावहिनी एकदा म्हणाल्या.

"वहिनी, शशिधर म्हटलं तरी तो ऐकत नाही. अहो म्हटल्यावर कुठला ऐकतोय?"

तिला निवडणुकीचं वेड होतं. तिचे वडील मास्तर, आणि मतमोजणी त्यांच्याच शाळेत व्हायची. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, कोणी डाळीची भजी तळायचं, आत मास्तर नावं पुकारायचे. हे तिनं मला कितीदा सांगितलं असेल.

कॉमनवेल्थचे म्हणून आम्हाला इथेही मत होतं. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये ती मत देऊन बाहेर आली आणि म्हणाली, "झालं. तिघांना दिलं."

"तिघांना?"

"मग? आमच्याकडे एका मतदारसंघातून तीन निवडतात. तीन फुल्या हव्यातच. दोनच केल्या तर मत बाद."

"नंदा, इथे एकच फुली."

ती फुटपाथवर थांबली. "एकच? मग बाकीच्या दोघांनी काय पाप केलंय?"

मी बसमध्ये हसत होतो. ती घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिच्या देशाची दुसरी गंमत म्हणजे बेस्ट लूजर. निवडून आलेल्यांत एखाद्या समाजाची माणसं कमी पडली, तर हरलेल्या उमेदवारांतून काहींना पार्लमेंटात घेतात, जास्तीत जास्त आठ. ब्याऐंशी साली एकाच आघाडीनं मुख्य बेटावरच्या साठही जागा जिंकल्या, तेव्हा समोरच्या बाकांवर बसायला हे हरलेलेच उरले.

नंदानं घरातही हा कायदा लावला. मुलगी मंजिरी बोलायला लागली तशी तीन मतं झाली. वॉलपेपरचा रंग, उन्हाळ्याची सुट्टी, सगळ्यावर मतदान. हरेल त्याला एक मागणी मागायचा हक्क, आणि ती नाकारायची नाही. बहुतेक मीच हरायचो. मंजिरी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत जाहीर करायची, "आई जिंकला. बाबा बेस्ट लूजर." मग मी पिठलं मागायचो.

एक्क्याण्णव साली नंदानं विचारलं, कायमचं मॉरिशसला जायचं का? तिची आई थकली होती, भाऊ माधव एकटा सगळं बघत होता. मी नाही म्हणालो. फॅक्टरी होती, घर होतं. मंजिरी अकरा वर्षांची. ती म्हणाली, "आई, माझा शाळा इथे आहे." दोन विरुद्ध एक.

नंदा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या गोष्टीत हरली. भांडली नाही. भांडी विसळताना म्हणाली, "मग माझी मागणी. एकदा मतमोजणीला मला घरी ने. शाळेच्या फाटकाशी उभं राहायचंय. तू पण उभा राहायचंस."

"पुढच्या निवडणुकीला नक्की," मी म्हणालो.

त्याच महिन्यात तिथे निवडणूक होती. ती मी धरलीच नाही, ओव्हरटाइम होता. पुढची पंचाण्णवच्या डिसेंबरात लागली आणि तेव्हा मात्र मी लगेच तिकिटं काढली. नंदानं बॅग तीन आठवडे आधीच पलंगाखालून काढून भरून ठेवली.

एकवीस डिसेंबरला माधवचा फोन आला. "भावजी, पुन्हा साठ-शून्य. समोर फक्त बेस्ट लूजर." मागे ढोल वाजत होते. मी रिसीव्हर बाजूला धरून स्वयंपाकघराकडे वळलो आणि "नंदा, ऐकलंस का?" म्हणालो. तिथे मंजिरी टोस्ट करत होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी आपण जायचं. मी हो."

"मी पण हो."

"दोन-शून्य," ती म्हणाली. मग तिला रडू आलं.

याला दोन वर्षं झाली. बॅग मी परत पलंगाखाली ठेवली आहे, नंदानं भरली होती तशीच. तिकडे पुढची निवडणूक अजून लागलेली नाही. नंदाची मागणी पुरी करायची राहिली आहे.