खंडेनवमीचा पाना

चाक खोलायचा एक साधा पाना निवडायला माणसाला किती वेळ लागावा? दगडूला सव्वा तास लागला. काशीमीऱ्याच्या नाक्यावर परेशभाईच्या हार्डवेअरच्या दुकानात तो बाराला शिरला आणि सव्वाला बाहेर पडला. तो सगळा वेळ तो इतका मजेत होता, की पुढे कितीतरी दिवस त्याला त्या मजेचीच चीड येत राहिली.

मजेत असायला कारणही होतं. खंडेनवमी होती. दगडू मूळचा भाईंदरच्या कोळीवाड्यातला, पण बापाच्या होडीचं इंजिन खोलताखोलता हाताला ग्रीसची चटक लागली आणि जाळं सोडून तो गाड्यांच्या मागे गेला. काशीगावच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं, बावीस वर्षं जुनं. दर खंडेनवमीला सगळी हत्यारं डिझेलने धुऊन, पुसून, पाटावर मांडायची, आणि त्यात एक नवीन हत्यार घालायचं, ही त्याच्या गॅरेजची रीत. एकदा पाटावर मांडलं की पूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. बायको, चंद्रावती, या बाबतीत फार कडक. गेल्या वर्षी गिऱ्हाईक दारात खोळंबलं तरी तिने त्याला साधा स्क्रू ड्रायव्हर उचलू दिला नव्हता.

यंदा तिने जरा लवकरच मांडामांड केली. दगडू अजून शेवटच्या गाडीखालीच होता. ती लाल गाडी शांती नगरातल्या नीरजची. पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड बदलायचे होते. ते बदलून त्याने चाक चढवलं, पाच नट हाताने फिरवून बसवले, आणि आवळायला हात मागे केला तर पान्यांचा सगळा संसार पाटावर जाऊन बसलेला, वर झेंडूची फुलं. बाहेर राहिला होता तो फक्त जुना व्हील पाना, आणि त्याचं तोंड झिजून इतकं पसरलं होतं की नट धरण्याऐवजी नटाच्या कडाच खात होता.

दगडूने जॅक उतरवला. नवा पाना आणायचाच होता. पूजा दुपारी चारला, नीरज येणार पाचला. नव्या पान्याला आधी हळदकुंकू लावायचं आणि मग त्याच्याच हाताने हे पाच नट आवळायचे, म्हणजे पान्याचा मुहूर्तही झाला आणि कामही झालं. ही युक्ती त्याला इतकी आवडली की तो शीळ घालत बाईकवर बसला.

"लाल गाडीचं झालं काय?" चंद्रावतीने आतून विचारलं.

"झाली समज," दगडू म्हणाला आणि किक मारली.

आता हे 'झाली समज' म्हणजे काय, ते गॅरेजवाल्याच्या बायकोने नाही समजायचं तर कोणी? पण समजायला ते खरं तरी असावं लागतं ना.

परेशभाईने चार पाने काउंटरवर टाकले. दगडूने पहिल्याच्या तोंडात एकोणीसचा नट घालून कानाजवळ हलवला. खुळखुळला. बाजूला. दुसऱ्याचा मुलामा नखाने खरवडला, पापुद्रा निघाला. तोही बाजूला. तिसरा चार तोंडांचा, फुलीसारखा. चांगला होता, पण बंपरखाली अडकतो. चौथा लांब दांड्याचा. तो दगडूने फरशीवर हलकेच आपटून आवाज ऐकला, डोळ्यासमोर धरून दांडा सरळ आहे का पाहिलं, नट घालून हलवला. हूं की चूं नाही.

"दगडूभाई, छोकरी जोवा आव्या छो के शुं?" मुलगी बघायला आलात की काय, असं विचारून परेशभाई हसला. "सब सेम है. ले लो ना."

"सेम कसं? तोंडाची भिंत बघा ना ह्याची. ती पातळ असली का नट आवळताना फाकतं. मंग नट पण गेला आन् गिऱ्हाईक पण गेलं."

मग गुजरातचा माल चांगला की पंजाबचा, यावर चर्चा झाली. चहा आला. दगडूने टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजणारा महागडा पानाही उगाच मागवून हाताळला आणि 'आपला हातच टॉर्क आहे' असं म्हणून परत दिला. परेशभाईनेही मान डोलावली. बावीस वर्षांत दगडूच्या हाताखालून गेलेला नट सुटला असं कोणी म्हणालं नव्हतं. शेवटी तो लांब दांड्याचा पाना कागदात गुंडाळून घेऊन तो परत आला.

गॅरेजात लाल गाडी नव्हती.

दगडू बाईकवरून उतरलाच नाही. "गाडी कुठं?"

"नेली की नीरजदादांनी. झाला अर्धा तास." चंद्रावती फुलांच्या माळा ओवत होती. "हापिसातून लवकर सोडलं म्हणं. समदी व्हती, आई, बायको, पोरगी. वणीला चाललेत देवीला. मी माळ बी बांधली फुडं, सणाची गाडी हाय म्हणून."

दगडूच्या तोंडून आधी शिवी निघाली. "चाक आवळलं न्हवतं गं! हाताने बसवलंय नुसतं! कोणाला विचारून दिलीस तू चावी?"

चंद्रावतीच्या मांडीवरची फुलं खाली सांडली. "तुमीच तर बोलला, झाली समज. चारी चाकं लागलेली हायत, गाडी पुसलेली हाय. मला काय ठावं?"

"बस मागं. फोन लाव. लाव फोन!"

ती तशीच मागे बसली, हातात तो कागदात गुंडाळलेला पाना. बाईक हायवेला लागली तेव्हा तिसरी रिंग जात होती आणि तेवढ्यात फोन कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

"कापतायत," ती त्याच्या कानात ओरडली.

"कापतील कसे? परत लाव."

नीरजचा एवढा एकच नंबर त्याच्याकडे होता. ट्रकच्या मागून, डंपरच्या बाजूने, जिथे फट दिसेल तिथे दगडू बाईक घालत होता आणि डोक्यात एकच गणित चाललं होतं. हाताने बसवलेला नट किती चालतो? सपाट रस्त्याला पाच किलोमीटर, सात? हा रस्ता कुठला सपाट. खड्ड्यात चाक गेलं की नट एक आटा सुटणार, दुसऱ्या खड्ड्यात दुसरा. एक पडला की बाकीच्यांवर भार येतो, मग ते भराभर जातात. आधी टकटक असा आवाज येतो. नीरजला तो ऐकू येईल का? त्याला तर इंडिकेटरचा आवाज नि बेअरिंगचा आवाज यातला फरक कळत नाही. म्हणून तर तो दगडूकडे यायचा. पहिली गाडी घेतली तेव्हासुद्धा शोरूममध्ये आधी दगडूला घेऊन गेला होता, आणि दगडूने मान हलवल्यावरच सही केली होती.

घोडबंदरच्या नाक्याला रस्ता फुटतो. एक पुलावरून वसईकडे, दुसरा ठाण्याकडे. वणीला दोन्हीकडून जाता येतं. दगडूने ब्रेक मारला आणि मागच्या टेम्पोने कर्कश हॉर्न वाजवला.

"कुठनं गेले असतील?"

"मला न्हाय ठावं," चंद्रावती म्हणाली. ती रडत होती हे त्याला आता कळलं.

"तुला कायच ठावं नसतं! चावी द्यायची तेवढी ठावं असते!"

दगडूने बाईक ठाण्याच्या बाजूला वळवली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि वळवल्यापासून तो जीवदानीला, एकवीरेला, जी आठवेल तिला हाका मारत राहिला. ते पुलावरून गेले असतील तर? खाली खाडी आहे. त्या पुलावर चाक निघालं तर? पाच वर्षांची पोरगी आहे नीरजची, इशिता. गॅरेजात आली की त्याच्या जुन्या बेअरिंगमधल्या गोळ्या गोळा करून न्यायची. दगडूने स्वतःला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की बायकोच्या वाट्याला द्यायला एकही उरली नाही. पाट मांडला होता तर उचलायचा होता एक पाना. देवी काय बोट तोडणार होती? आणि नव्हता उचलायचा तर गाडी जॅकवर तरी ठेवायची, एक चाक काढून तरी ठेवायचं. अर्धवट काम चार चाकांवर उभं करून हा बाबा चहा पीत लोखंडाचा आवाज ऐकत बसला होता.

"झाली समज मी बोललो," तो वाऱ्यात ओरडला. "तुझं काय चुकलं न्हाय."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. पण तिचा हात अचानक त्याच्या खांद्यावर रुतला. "थांबा! थांबा, ती बगा माळ!"

डाव्या हाताला सीएनजीचा पंप होता आणि पंपाबाहेर सणाची रांग, रिक्षा आणि गाड्या मिळून पन्नास तरी असतील. त्यात मधोमध लाल गाडी उभी होती. समोर झेंडूची माळ.

आयुष्यभर दगडू सीएनजीच्या रांगेला शिव्या घालत आला होता. आज त्याला त्या रांगेपुढे लोटांगण घालावंसं वाटलं. तो धावत गेला आणि कोणाशी एक शब्द न बोलता डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. पाचांपैकी दोन नट नव्हतेच. उरलेले तीन बोटाने फिरत होते.

"अरे, दगडूकाका?" नीरजने काचेतून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही इथे कसे?"

"फोन... फोन कापत होता तुमी."

"मी कुठे? फोन इशूकडे आहे, कार्टून बघतेय. ए इशू, तू काकांचा फोन कट केलास?"

चंद्रावतीने कागद फाडून पाना त्याच्या हातात दिला. जॅक गाडीतलाच काढला. मागच्या चाकांचा एकेक नट काढून त्याने पुढच्याला लावला, पाची आवळले, मग पुन्हा आवळले, मग बाकीची तीन चाकंही तपासली. नीरजची आई, सुचेताबाई, खाली उतरून शेजारी उभ्या होत्या.

"याला म्हणतात माणुसकी," त्या म्हणाल्या. "घाटात जायचं म्हणून मागे धावत आला तपासायला. नाहीतर कोण करतं आजकाल? नीरज, काकांना देवीचा प्रसाद आणायचा हां, विसरू नकोस."

"काका आहेत म्हणून मी बिनधास्त असतो, आई," नीरज म्हणाला. "आपण डोळे मिटून बसायचं गाडीत."

दगडूने चंद्रावतीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. गप्प बसलं असतं तर झालंच होतं. चाक आवळलेलं होतं, कोणाला ओरखडा उठला नव्हता, आणि वर प्रसाद येणार होता. पण 'डोळे मिटून' हे ऐकल्यावर दगडू हातातल्या पान्यासकट उठून उभा राहिला.

"साहेब, मी तपासायला न्हाय आलो. मी चाक आवळलंच न्हवतं. हाताने लावून पाना आणायला गेलो. हत्यारं पूजेला मांडली व्हती. हिला वाटलं झालंय. चूक माझीये. दोन नट रस्त्यात पडले."

रांगेतली पुढची रिक्षा सरकली. नीरज दार उघडून खाली उतरला.

"म्हणजे चाक निघालं असतं?"

"हां."

"घाटात?"

"घाटापर्यंत पोचलंच नसतं," दगडू म्हणाला. खोटं बोलायची ताकदच राहिली नव्हती.

सुचेताबाईंनी मागचं दार उघडलं, इशिताला हाताला धरून उतरवलं आणि गाडीपासून चार पावलं लांब नेऊन उभं केलं. नीरजची बायको, जागृती, आपण होऊन उतरली. कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर दगडूला बरं वाटलं असतं.

"पाना द्या इकडे," नीरज म्हणाला.

दगडूने दिला. नीरज डाव्या चाकापाशी बसला, पाना पहिल्या नटावर लावला आणि सगळा जोर देऊन दांडा ओढला. दुसऱ्यांदा ओढला. चेहरा लाल झाला.

"साहेब, उलटं फिरवताय," दगडू हळूच म्हणाला. "तसं ढिलं होईल."

नीरज थांबला. त्याने मान वर करून दगडूकडे पाहिलं. मग तो उठला आणि मागच्या रिक्षावाल्याकडे वळला.

"भाई, नट टाइट करने को किस साइड घुमाते हैं?"

रिक्षावाल्याने नीरजकडे पाहिलं, दगडूच्या ग्रीसने माखलेल्या कपड्यांकडे पाहिलं. "घडी के जैसा घुमाने का, सेठ. पर ये मिस्त्री खडा है ना, इसको दो."

"नहीं," नीरज म्हणाला. "तुम कर दो. चारों चेक कर दो, प्लीज."

रिक्षावाला ओशाळून उतरला आणि पाना हातात घेऊन चाकापाशी आला. त्याला नीट बसता यावं म्हणून दगडू दोन पावलं मागे सरकला.