दोघा डॉक्टरांचा मान

आमच्या आसेगावात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झगडा झाला का लोक इंद्रभानजीले बोलावते. इंद्रभानजी म्हंजे माहे मालक, अन् मी लिलाबाई. एका घरी ऐकलेलं ते दुसऱ्या घरी सांगत नाई. इकडची काडी तिकडं करणं त्याह्यच्या लेखी पाप. असा माणूस गावाले लय बरा वाटते, पण घरी बायकोचा जीव जाते.

त्याह्यले बीपी अन् शुगर जुनीच होती. औंदा वाशिमच्या राठोड डॉक्टरनं रक्त तपासलं अन् सांगतलं का किडन्या थकल्या. बीपीची गोळी बदलून देली. खाण्यापिण्यात काई नवीन सुरू केलं तर अगोदर मले सांगा, असं बजावलं बी. यायनं मान हालवली.

मंग कोणीतरी शेलूबाजारच्या वैभवी म्याडमचं नाव काढलं. निसर्गोपचाराचं रीतसर शिकलेली पोरगी. पोटावर मातीची पट्टी, सकाळचं चालणं, जेवणात मीठ कमी, अन् रोज पालकाचा रस, वरून नारळपाणी. खोटं काहून बोलू, गुण आला. शुगर उतरली, झोप लागाले लागली. पण पहिल्याच दिवशी तिनं इचारलं होतं, काका, दुसरी कोणती गोळी चालू हाय का, काई रिपोर्ट हाय का. हे म्हणाले, काईच नाई. मी बाजूलेच बसून होती. तोंड उघडलं तं यायनं असं पाह्यलं का मी पदर सावरत खाली पाह्यलं.

वापस येतानी जीपमध्ये मी भांडली. सांगून टाका ना तिले, कायले लपवता? तवा ते हळूच म्हणाले,

"राठोड साहेबाले वाटन, आपल्यावर भरोसा नाई. या पोरीले वाटन, डॉक्टरनं हात टेकले म्हणून आला. दोघायचा मान राह्यला पाह्यजे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, दोन घरचा पाहुणा उपाशी राह्यते. त्यावर ते हासले, अन् जीपमधले लोक बी हासले. मले मात्र राग आल्ता.

सोयाबीन निघाल्यावर एक दिवस दुपारी आंगणातच त्याह्यचे पाय लुळे पडले. उठवलं तं उठता येईना. माह्या पोरानं, संघदीपनं, गाडी करून वाशिमले नेलं. राठोड डॉक्टरनं मशीनवर छातीची पट्टी, ईसीजी, काढली, रक्त पाह्यलं, अन् त्याह्यचा चेहराच बदलला. रक्तात पोटॅशियम लय वाढलं, काळजाचे ठोके मंद पडून राह्यले, म्हणाले. इंजेक्शन सुरू केलं अन् मले इचारलं, घरी काय देऊन राह्यल्या यायले?

पलंगावरून यायनं माह्याकडं पाह्यलं. तोंडावर मास्क होता, तरी बोट वर केलं. सांगू नोको, असं. सारी जिंदगी मी त्या बोटाचं ऐकलं होतं. पण त्या दिवशी मी म्हटलं,

"पालकाचा रस अन् नारळपाणी, डॉक्टरसाहेब. शेलूबाजारच्या वैभवी म्याडमनं देलं. अन् तिले तुमची गोळी माहीत नाई, किडनीचं बी माहीत नाई."

तिचा फोन लावून तसाच डॉक्टरच्या हातात देला. मले वाटलं, आता ते तिच्यावर कडाडणार. पण ते शांतपणे इचारत गेले, किती रस, किती दिवसापासून. तिनं गोळीचं नाव इचारलं. मंग तिचं रडणं मले इकडं आयकू आलं. किडनीचं माहीत असतं तं थेंबभर देला नसता, म्हणत होती. ज्या गोळीनं बीपी आवरत होती, ती पोटॅशियम आंगात धरून ठेवते, अन् रसानं त्यात भर पडली, असं डॉक्टरनं मले समजून सांगतलं. मशीनवर रक्त साफ केलं, तवा कुठं ठोके ठिकाणावर आले.

आता रस बंद हाय. चालणं अन् कमी मिठाचं जेवण डॉक्टरनंच चालू ठेवाले सांगतलं. काई बदलाचं असलं का वैभवी अगोदर वाशिमले फोन करते. डॉक्टर बी तिचं आयकते. कोणाचाच मान गेला नाई. किडन्या मात्र आणखी खचल्या, त्या काई वापस येणार नाई.

हे माह्याशी बोलत नाई. संघदीपले म्हणाले, जिच्या पोटात नवऱ्याची गोष्ट राह्यत नाई तिच्याशी काय बोलू. आयकून रडू आलं मले. शेजारची भागिरथा म्हंते, मांग माफी, मिटव. कायले मांगू? जेवाले वाढतानी मी पुढं जाऊन बसतो, अन् ते तोंड फिरवते. फिरवू दे. तोंड फिरवाले बी माणूस जिता लागते.