बाबांनी काढून टाकलेला पहारेकरी

संगणकाचा दुरुस्तीवाला सकाळीच सांगून गेला होता, "फॉरमॅट मारावा लागेल. आतलं काही शिल्लक राहणार नाही." धाकट्याने त्याला हातही लावू दिला नाही. बहिणीला बाबांच्या कारखान्यात बोलावून आणलं आणि संगणकापुढच्या खुर्चीत बसवलं.

एका मोठ्या कचेरीत असलीच यंत्रं सांभाळण्याचं तिचं काम. बाबा गेल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्यांना तेच तेच सांगून ती मेटाकुटीला आली होती. पडद्यासमोर बसायला मिळालं, याचं तिला बरंच वाटलं. तो निदान "शेवटी काही बोलले का?" असं विचारणार नव्हता.

अधू किंवा लहानमोठ्या पायांसाठी बाबा बूट करायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाचा साचा या संगणकात होता आणि त्यावरून शेजारचं कापायचं यंत्र, म्हणजे कटर, बुटांचे तळवे कापायचं. पायांची मापं पुन्हा घेता आली असती, पण टाच इथे केसभर उंच, तिथे जरा मऊ, असे वर्षानुवर्षं केलेले बदल फक्त त्या साच्यांत होते. दुसरी प्रत नव्हती. गाणं शिकवणाऱ्या एक बाई बाहेर बाकावर फाटक्या तळव्याचा बूट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पडद्यावर एकच ओळ होती: सुरक्षा नियम सापडले नाहीत, यंत्र थांबवत आहे.

"ताई, मीच बंद केला गं," धाकटा म्हणाला. "बंद केला तो उठलाच नाही."

"मीच सांगितलं त्याला," दारातून आई म्हणाली. "मालक नाही, आणि हा आपला चालूच."

"तुम्ही दोघं जरा गप्प बसता का? आत एक पहारेकरी असतो. कुठल्या प्रोग्रामने काय करायचं, काय नाही, ते तो ठरवतो. त्याचे नियमच गायब आहेत. कोणी काढले?"

धाकट्याने डोकं खाजवलं. "बाबांनी असणार. मागच्या उन्हाळ्यात. कटर चालू देत नव्हता तो. बाबा म्हणाले, माझ्याच कारखान्यात मी याची परवानगी मागू? दिला हाकलून."

ती कपाळाला हात लावून बसली. नडलं की उपटून टाकायचं, ही बाबांची जुनी रीत. नियम गेल्याचं यंत्राला कळतं ते नव्याने सुरू होताना, आणि बाबांनी ते त्यानंतर कधी बंदच केलं नव्हतं. त्यांची चूक त्यांच्या माघारी यांच्या गळ्यात पडली होती. तिला राग आला. तो काढायचा कुणावर, हे मात्र कळेना.

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं, सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या पहिल्या यादीवरच अडवलं आणि सुरुवातीच्या हुकुमाला शेपूट जोडलं: या खेपेला पहारा नको. ओळी धावल्या. साचे उघडले. तिरपी टाच, घाईवाले काका, गाणाऱ्या बाई. सगळी बाबांनी ठेवलेली नावं. धाकटा होता तिथेच फरशीवर बसला.

"झालं ना? राहू दे असंच."

"याला नेट जोडलंय. उद्या कोणीही आत शिरेल."

तिने नियम परत बसवले. मग पहारेकऱ्याला ओळखू यावी म्हणून यंत्र एकेका फाइलवर नव्याने खूण करत बसलं. ते संपेना. चहा आला, गार झाला. अखेर सगळं सुरू झालं. धाकट्याने कटरला हुकूम दिला आणि पहारेकऱ्याने तो अडवला.

"बघ! बाबांचं बरोबर होतं."

"निम्मं." तिने डोळे चोळले. "आता त्याला सांगते, तक्रार लिहून ठेव, अडवू नकोस. त्या तक्रारी बघून कटरला रीतसर परवानगी देऊ."

"म्हणजे आपल्या आईसारखं."

"थोबाडीत खाशील," आई म्हणाली, आणि तिघंही हसली; मग जरा ओशाळली.

तळवा कापून निघाला. बाईंनी तो बुटात घालून दोन फेऱ्या मारल्या. "टाचेला किंचित उंच लागतंय हो. माझाच पाय बदलला असेल."

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. हे तिला येत नव्हतं. बाबांच्या शेजारी उभा राहून ते तोच शिकला होता.

"बाबांच्या साच्याला हात लावू?" त्याने हळूच विचारलं.

"आधी प्रत काढ," ती म्हणाली आणि अवघडलेली पाठ सावरत खुर्चीतून उठली. "बस इथे."