पेणला रात्र होती

डब्याच्या झाकणाला भेंडीची एक बी चिकटून वाळली होती. तामार नखाने ती खरवडत राहिली — नख दुखायला लागलं, बी निघेना. काल दुपारचा डबा. रोह्याच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी बसून खाल्लेला... मृणालीने हेडबाईंची नक्कल केली आणि आपण हसलो. घास तोंडात असताना, ठसका लागेपर्यंत हसलो. तेव्हा दीड वाजला होता. इथले दीड म्हणजे इस्रायलला, दिमोनात सकाळचे दहा. दहा वाजता आरोनने आईला माती दिली.

त्याचा फोन आला चार वाजता, रोह्याच्या एसटी स्टँडवर. पेणची गाडी लागत होती, माणसं दाराशी रेटत होती, आणि धाकटा भाऊ सांगत होता की आई काल रात्री गेली, सकाळी सगळं आटोपलं, कद्दिशची प्रार्थना नीट झाली, पंधरा-वीस माणसं होती. पेण आणि रोहा मिळून आता कद्दिशला लागणारे दहा ज्यू पुरुषसुद्धा उभे राहत नाहीत, हेही त्याने वर ऐकवलं — जणू तिथे जाऊन मरण्यात आईने सोयच पाहिली होती. मला का नाही कळवलं, एवढंच तामारने विचारलं.

'तुमच्याकडं रात्र होती, ताई. म्हटलं कशाला उठवायचं.'

रात्र. आई गेली तेव्हा इथे मध्यरात्र उलटली होती, कबूल. पण मग उजाडलं ना? मी उठले, चहा केला, रामवाडीच्या स्टँडवर रोह्याची गाडी पकडली, सातवीला अपूर्णांक शिकवले... मी जागी होते, आरोन. मी पोचले नसते, ते कळतं मला. पण फोन नुसता खड्ड्याजवळ धरला असतास तर ढेकळं पडलेली ऐकली असती मी. तेवढं तरी माझं होतं.

हिवाळ्यातले साडेतीन तास. तीन वर्षांपूर्वी आईला न्यायला आला तेव्हा हेच साडेतीन तास त्याने मोबाइलवर दाखवले होते. कुठल्याशा साइटवर दोन गावं शेजारी-शेजारी मांडलेली — डावीकडे पेण, उजवीकडे दिमोना. लोकसंख्या, तापमान, पाऊस, दवाखाने, घड्याळातला फरक. पेणपुढे गणपतीचे कारखाने, दिमोनापुढे वाळवंट. जन्म रोह्यात काढलेली आई चष्मा लावून वाकली होती.

'यात आपला रोहा नाय?'

'रोहा लहान हाय, आई.'

तिथे पाऊस किती, तिने विचारलं. नावाला पडतो, तो म्हणाला. तशी आईने भरलेल्या बॅगेतून छत्री मुकाट काढून खुंटीला लावली. तामारला त्याच वेळी ओरडायचं होतं. पण गुडघ्यांचे डॉक्टर, नातवंडं, घराला लिफ्ट — प्रत्येक रकान्यात दिमोना वरचढ होतं, आणि आईला कोणापाशी राहायचंय, याला रकानाच नव्हता.

तिने झाकण मोरीत आदळलं. साडेसहा वाजले होते. तिथे तीन. घोरत असेल... घोरू दे. तिने नंबर लावला — हिशेब करून, त्याला झोपेतून उठवायलाच लावला.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. 'बोल, ताई.'

आवाजात झोपेचा मागमूस नव्हता. त्यामुळे ती आणखीच पेटली. योजून ठेवलेलं पहिलं वाक्य फुकट गेलं.

'दीड वाजता मी जागी होते.'

'माहीत हाय.'

'मग खोटं का बोललास?'

 तो तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेला. शेवटच्या वर्षात आईला वेळकाळ कळेनासा झाला होता. तामारशी बोलली की ती जेवायची नाही, बॅग घेऊन दाराशी बसायची, रोह्याची गाडी कधी येते म्हणून विचारायची. मग त्याने फोन देणं बंद केलं. ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची, तामारला लाव. आणि तो सांगायचा, पेणला रात्र झाली आई, ताई झोपली. सकाळी, भर दुपारी, केव्हाही.

'तेच तोंडात बसलं व्हतं. काल तुलापण तेच बोलून गेलो.'

आणि मला? मला तू सांगायचास, आई झोपलीय... दर रविवारी, महिनेच्या महिने.  दोघी जाग्या होतो. दोन टोकांना दोघी टक्क जाग्या, आणि मध्ये हा, दोघींना झोपवत बसलेला.

'तिला पटायचं?'

'पटायचं. मग हळू बोलायची ती. भांडंसुद्धा हळू ठेवायची. तू उठशील म्हणून.'

बाहेर नळाला पाणी आलं होतं, शेजारच्या सगुणाबाईंच्या बादल्या वाजत होत्या, अंगणात चक्क उजाडलं होतं. तामारच्या जिभेवर सगळं तयार होतं — तू तिला माझ्यापासून तोडलंस, जिवंतपणीच तोडलंस... तिने श्वास भरून घेतला. आणि तिला आई दिसली, कधीच न पाहिलेल्या त्या घरात, ओट्यावर पातेलं टेकवताना त्याच्याखाली बोटं धरणारी, आवाज होऊ नये म्हणून...

'ताई? हाइस ना?'

हो म्हणवेना. फोन ठेववेना. राग तिळभरही कमी झाला नव्हता. पण आता तो मोठ्याने बोलता येईल असा उरला नव्हता.