वाढता पाय

"एक नंबर मोठाच द्या," सुधा म्हणाली. "वाढता पाय आहे."

न्युरेम्बर्गमधल्या स्कीच्या दुकानातले हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडल गुडघे टेकून तनयाच्या बुटाचे खटके लावत होते. ते हसले. "सगळ्या आया हेच म्हणतात, पण इतक्या ठासून कुणी म्हणत नाही. स्कीच्या बुटात पाय नुसता मावून चालत नाही हो. बुटानं तो धरून ठेवायला हवा. बूट ढिला, की हाड मोडलंच समजा."

"ममा, बिटं," तनया पुटपुटली. आई, प्लीज. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

 सांगलीला सुधाच्या लहानपणी प्रत्येक बूट पुढे कापूस कोंबूनच सुरू व्हायचा, आणि कापूस काढायची वेळ यायच्या आत फाटायचा. पण आठवीचा अख्खा वर्ग आठवडाभर डोंगरात जाणार होता. गेल्या वर्षी अशी सहल चुकवायला तनयानं स्वतःच ताप आणला होता. या वर्षी ती आपण होऊन म्हणाली होती, "मला जायचंय." त्यासाठी सुधा कसलेही बूट घ्यायला तयार होती.

"आता उभी राहा. गुडघे वाकव," हेर ब्रांडल म्हणाले.

तनया उभी राहिली, वाकली. पावलं लांबच राहिली, गुडघे मात्र एकमेकांना भिडले.

हेर ब्रांडलनी तिचे गुडघे निरखून पाहिले. मग त्यांनी तिला बूट काढायला लावले, तिला एका फळीवर उभं केलं आणि गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर दोरा धरला. दोऱ्याला शिशाचं वजन होतं. अगदी गवंड्याचा ओळंबा. तो पावलाच्या मधोमध यायला हवा होता. तो अंगठाही सोडून आत, मोकळ्या फळीवर लोंबत राहिला.

"भिंत वाकडी आहे का?" तनयानं जर्मनमध्ये विचारलं.

"घर छान आहे," ते म्हणाले. "जरा बघू या."

त्यांनी बुटाच्या घोट्याजवळचा स्क्रू फिरवला. तळाखाली पाचर घातली. मग आणखी जाड पाचर. दरवेळी तनया उभी राहायची, वाकायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. दुकानात तिच्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर आली, बूट घेऊन गेलीसुद्धा.

शेवटी ते उठले. "मी हे बूट देणार नाही. स्की गुडघ्याचं ऐकते. हिच्या दोन्ही स्की सारख्या एकमेकींवर धावतील. हा बुटाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना दाखवलंय?"

"दाखवलं होतं," सुधा घाईघाईनं म्हणाली. "लहानपणीच. ते म्हणाले, दास फेरवेक्स्ट झिश."

वाढीबरोबर निघून जाईल. कायझर्सलाउटर्नच्या डॉक्टरांचं ते वाक्य सुधानं तेव्हाच पाठ केलं होतं, सासूबाईंना फोनवर मराठीत ऐकवलं होतं. दहाव्या वर्षी पुन्हा बघू, असंही ते म्हणाले होते. तोवर नवऱ्याची, भास्करची, नोकरी बदलली, गाव बदललं, डॉक्टर बदलले. पुन्हा बघायचं राहूनच गेलं. दर वर्षी मुलगी दारावरच्या आधीच्या खुणेपेक्षा थोडी उंच व्हायची, आणि सुधाला वाटायचं, चाललंय की काम.

हेर ब्रांडलनी तनयाकडे पाहिलं. ती आता सुधापेक्षा उंच होती. त्यांनी बूट पुन्हा खोक्यात ठेवले.

हाडांच्या डॉक्टरीणबाई सुधाच्याच वयाच्या होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला. "वाढत्या मुलांच्या हाडाला इथे, टोकाशी, एक काळी रेघ असते. तिथून हाड वाढतं. हिची रेघ मिटलीय."

"म्हणजे?"

"वाढ संपली. आधी आला असतात तर हाडाला छोटी धातूची पट्टी बसवली असती, मग वाढीनंच पाय सरळ केला असता. आता हाड कापावं लागेल. दुखत नाही तोवर मी ते करणार नाही."

"म्हणजे दुखायची वाट बघायची?"

"या," त्या हळूच जर्मनमध्ये म्हणाल्या. हो.

"आणि स्की?" तनयानं विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

जिन्यात सुधानं भास्करला फोन लावला. "अहो, वाढ संपली म्हणे."

"कशाची?"

"तनूची."

पलीकडे ऑफिसमधला प्रिंटर चालू होता. "आल्झो, म्हणजे... असं कसं? अजून माझ्या खांद्याला लागतीये फक्त."

सुधानं फोन बंद केला. तनया खाली दारापाशी कोट घालून उभी होती.

सहलीच्या सकाळी तनयानं बजावलं होतं, "तू येऊ नकोस." सहलीला जाता येणार नसल्यानं त्या आठवड्यात तिला दुसऱ्या वर्गात बसायचं होतं. सुधा तरीही गेली, शाळेसमोरच्या बेकरीच्या आडोशाला थांबली. बसचं पोट उघडं होतं. तनया पाय फाकवून भक्कम उभी राहून एकेकाच्या स्की उचलून आत देत होती. कुणीतरी काहीतरी बोललं, ती मोठ्यानं हसली. बस वळली तेव्हा तिनं हात हलवला, बस दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ.

मग तनया शाळेकडे वळली. दार जड होतं. तिनं ते खांद्यानं ढकललं. मागून पाचवीच्या मुलींची रांग येत होती, म्हणून ती दाराला पाठ लावून तिथंच थांबली. मुली एकेक करून आत जात होत्या. काहीजणी तिच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. शेवटची मुलगी आत जाईपर्यंत तिनं दार धरून ठेवलं.