वितळलेली तार

सांगतो ते कुणालाच खरं वाटणार नाही. मी गिटार कुणाकडे शिकलो नाही, नुसती बघून बघून चोरली. माधवनगरच्या आमच्या ऑर्केस्ट्रात नाथाजी गिटार वाजवायचा आणि मी शेजारी उभा राहून खुळखुळे हलवायचो. त्याच्या बोटांकडे असा टक लावून बघायचो की सहा महिन्यांत माझी पापणी लवली ती दोनदाच, तीही जेवताना.

नाथाजीची नात शिवांजली दोन महिने घरी न सांगता माझ्याकडे शिकायला यायची. तिलाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं, "वाजवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नगं, पोरी. हात बघ. तोंड कायबी करतं."

परवा ती शिकायला आली नव्हती. मी दिलेली गिटार परत करायला आली होती.

"आजोबांना कळलं," ती म्हणाली. "म्हणत्यात, आपल्या घरात कुणाला कान न्हाई, कशाला हसं करून घेतीस? आबा, पाटणच्या त्या लग्नात झालं तरी काय हुतं?"

त्या लग्नात नाथाजीची गिटार भर मांडवात बेसूर वाजली आणि लोक हसले. स्वतःच्या गिटारची तार उतरलेली आपल्याला कळली नाही, हे त्याच्या जिवाला लागलं. गिटार सोडून तो कापडाच्या मागावर कामाला गेला. त्याची जागा मला मिळाली. चाळीस वर्षं तो स्वतःच्या कानाला दोष देतोय आणि मी ऐकून घेतोय.

आता तरी खरं सांगायचं, असं ठरवून गिटार मांडीवर घेतली. तोंडातून निघालं ते भलतंच.

"अगं, वैशाखातली दुपार. ऊन असलं की वाढप्याच्या हातातच पापड भाजत हुतं. जेवणं उरकून तुझा आजा वाजवाय बसला आन् तार शेवयीवानी वितळली. म्होरं बसलेल्या व्याह्यानं ती दुधात घालून खाल्ली. त्याच्या कानाचा कायबी दोष न्हाई, जाऊन सांग त्याला."

ती हसेल म्हणून मान वर केली. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती.

"आबा, खोटं बोलताय तुमी. तार वितळली म्हणताना तुमचा हात तारंवर न्हवता, खुंटीवर हुता. हळूच ढिली करत हुता. आजोबा जेवाय उठलं, तवा अशीच केली हुती न्हवं? बघा, अजून हात तिथंच हाय."