टाकीचा खरा चढ

मित्रांनो, माझ्यावर बसून माणूस तासभर सायकल मारतो आणि खाली उतरतो तेव्हा त्याच खोलीत असतो. असा मी एक जुना ट्रेनर. लोखंडी पाय, मध्ये एक रूळ आणि पोटात लोहचुंबक. सायकलचं मागचं चाक माझ्या रुळावर घट्ट टेकवतात आणि माझी वायर संगणकाला जोडतात. पडद्यावर खेळातला रस्ता चढू लागला की मी चाक आवळून धरतो, उतार आला की मोकळं सोडतो. चढ-उतार देणं हाच माझा धंदा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या तपासनिसाने माझा रूळ फिरवला, कान लावून ऐकलं आणि ‘गुणी आहे’ म्हणून मला खोक्यात भरलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच. मला विकत घेणाऱ्या दादांना पोट कमी करायचं होतं. आठवडाभर त्यांनी घाम गाळला, मग पोटाशी तह केला. पुढे माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. गाजावाजा करून घरात आणलेल्या मला दोरीची नोकरी लागली.

ती सुटली ती दादांच्या धाकट्या बहिणीमुळे. तिला घरात सगळे ठमी म्हणतात. ठमी सायकलच्या शर्यतींत उतरायची. एका उतारावर ती पडली, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती भावाकडे राहायला आली. वर्षभर रस्त्यावर जायचं नाही, घरात बसवलेली सायकल मात्र हळूहळू चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ठमीने दोन दिवस चालवली आणि सोडून दिली. खेळातले रस्ते तिला परके वाटत. डोंगर कुणाचे, गावं कुणाची, आपण कशाला तिथे मरायला जायचं, असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, हे बघवेना. वहिनी दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते. सायकल तिला आजही चालवता येत नाही. पण या खेळात आपला रस्ता आपल्याला तयार करता येतो, हे तिने कुठूनसं शोधून काढलं आणि पदर खोचला. नदीच्या पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता तिने निवडला. ठमी शाळेत असल्यापासून तोच चढ चढत आली होती.

नकाशावर एकेक ठिपका ठेवायचा आणि त्या जागेची उंची भरायची, असं ते काम. पहिल्या दिवशी ठमी जेमतेम पुलावर पोहोचली आणि पडद्यावरचा रस्ता पाताळात गेला. लगेच समोर भिंत. मी सगळा जोर लावून चाक धरलं, ठमी जागच्या जागी अडकली. झालं होतं असं, की उंची नकाशातून घेतली होती आणि नकाशा फक्त जमिनीची उंची धरतो. त्याला पूल दिसलाच नाही, खालचं नदीचं पात्र दिसलं. ठमी म्हणाली, वहिनी, सायकल चालवायला बसवलंस की बुडवायला? कितीतरी दिवसांनी ती हसली होती. वहिनीने पूल पुन्हा वर उचलला. मग वळणं, खड्डे, लाकडाची वखार, सगळं एकेक करून बसवलं.

तो रस्ता ठमीच्या सायकल क्लबला आवडला. घरबसल्या खेळायच्या शर्यतीसाठी त्यांनी तोच घेतला, आणि ठमीने नाव दिलं. पडल्यानंतरची तिची ही पहिली शर्यत. पुन्हा शर्यत खेळायची की सायकल विकून टाकायची, याचा निकाल ती तिथेच लावणार होती.

शर्यतीच्या आदल्या दुपारी तिने शेवटची चाचणी घेतली. टाकीपर्यंत गेली, पण खूश दिसली नाही.

“वहिनी, वखारीच्या वळणावर मी आजवर कधी सीटवर बसून गेलेली नाही. उभं राहावंच लागतं. आज बसूनच चढले. माझा गुडघा सुधारला, की तू टेकडी खचवलीस?”

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलची तिने दोनदा घडी केली.

“थोडीशीच,” ती म्हणाली. “तुझ्या गुडघ्यासाठी.”

मित्रांनो, मला ते आधीच कळलं होतं. ठिपके खाली ओढलेले मला रुळावर जाणवत होते. पण बोलायला मला तोंड नाही.

“चढ परत दे,” ठमी म्हणाली.

“आणि अर्ध्यात गुडघा अडला तर?”

“तर उतरेन. पण कुठे उतरायचं, ते मी ठरवणार. तू नाही.”

वहिनीने ठमीला गुडघ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. दुखलं की थांबायचं, एवढंच त्या म्हणाल्या. मग वहिनी संगणकापुढे बसली आणि एकेक ठिपका जागेवर नेऊन ठेवला. नाक ओढत होती, पण हात थांबला नाही.

शर्यतीच्या सकाळी वखारीच्या वळणावर मी चुंबक पूर्ण जवळ आणला. हात राखला नाही. राखला असता तर तो तिचा अपमान झाला असता. ठमी पेडलवर उभी राहिली. माझा एक पाय फरशीवर सरकू लागला, तेव्हा वहिनी त्याच्यावर पाय देऊन उभी राहिली. बस म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. दादा पंखा धरून उभे होते आणि श्वास घ्यायचं विसरले होते. ठमी टाकीपाशी पोहोचली. शेवटून मोजलं तर पटकन सापडेल असा तिचा नंबर आला. खाली उतरून तिने गुडघा दाबून पाहिला आणि पुढची शर्यत कधी आहे ते विचारलं.

आता ती बाहेरच्या खऱ्या रस्त्यावर जाते. मी बहुतेक वेळ दाराआड असतो. माझा रूळ झिजला आहे आणि त्याची मला खंत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांवर व्यायाम केलात की घाम पुसून टाका. घामाने लोखंड गंजतं. आणि जिवाभावाच्या माणसाला मदत करायला जाल, तेव्हा त्याच्या वाटेतली टेकडी परस्पर सपाट करू नका. ती तशीच राहू द्या, आणि सरकणाऱ्या पायावर पाय देऊन उभे राहा.